टेकऑफआधी चढाईचा हिशेब : छोट्या पिस्टन विमानासाठी

विमान किती चढेल हे इंजिन सुरू करण्याआधीच कागदावर आलेलं असावं. सुरुवात वजनापासून करा. माणसं, सामान आणि इंधन यांचं खरं वजन मांडा. अंदाजाने धरलेलं वजन खऱ्यापेक्षा बहुधा कमीच निघतं. एव्हगॅस, म्हणजे पिस्टन विमानाचं पेट्रोल, लिटरला साधारण 0.72 किलो भरतं, त्यामुळे गरज नसताना भरलेले 50 लिटर म्हणजे 36 किलोचं ओझं.

मग हवा. इथे घाई नको. अल्टिमीटरवर, म्हणजे उंचीमापकावर, 1013 हेक्टोपास्कल हा प्रमाण दाब लावा, दिसेल ती प्रेशर अल्टिट्यूड, म्हणजे दाबावरून ठरणारी उंची. समजा धावपट्टी 3000 फुटांवर आहे आणि क्यूएनएच, म्हणजे त्या ठिकाणचा समुद्रसपाटीला आणलेला हवेचा दाब, 1003; दर हेक्टोपास्कलला सुमारे 30 फूट धरले तर उत्तर 3300. प्रमाण तापमान समुद्रसपाटीला 15 अंश आणि दर हजार फुटांना 2 अंशांनी कमी, म्हणजे इथे जेमतेम 8. बाहेर 32 अंश असतील तर फरक 24 अंशांचा. प्रत्येक अंशाला 120 फूट वाढवा, की डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या विरळपणावरून विमानाला जाणवणारी उंची, 6200 च्या आसपास जाते. पंख, प्रोपेलर आणि टर्बो नसलेलं इंजिन, तिघांनाही तीच विरळ हवा मिळते. दमट हवा आणखी पातळ असते आणि विमानाच्या मॅन्युअलमधल्या चढाईच्या तक्त्यात सहसा ती धरलेली नसते. शिवाय तक्त्यातला चढाईचा आकडा नव्या इंजिनाचा आणि स्वच्छ पंखांचा. त्यातून थोडा वजा करूनच वापरा.

आता अडथळा. पुढे झाडं किंवा डोंगर असेल तर मिनिटाला किती फूट यापेक्षा प्रत्येक नॉटिकल मैलाला किती फूट हे महत्त्वाचं. मैलाला 200 फूट चढाई लागणार असेल आणि जमिनीच्या तुलनेतला वेग 90 नॉट (तासाला 90 नॉटिकल मैल) असेल तर मिनिटाला 300 फूट लागतील. समोरचा वारा चढाईचा दर वाढवत नाही, कोन वाढवतो. मागचा वारा तोच कोन बिघडवतो. डोंगराच्या आडोशाला खाली येणारी हवा मात्र दरच खाऊन टाकते.

अडथळा पार होईपर्यंत व्हीएक्स, म्हणजे सर्वात तीव्र कोनाने चढवणारा वेग, मग व्हीवाय, म्हणजे मिनिटाला सर्वाधिक उंची देणारा वेग. सेसना 172एस या विमानात समुद्रसपाटीला हे वेग 62 आणि 74 नॉट. उंचीबरोबर दोन्ही एकमेकांजवळ येतात. दर कमी दिसला म्हणून नाक वर ओढू नका, वेग पडतो आणि दर आणखी घटतो. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) मॅन्युअल सांगेल तेवढेच ठेवा, अडथळ्यानंतर सुरक्षित वेग आला की आत घ्या.

रन-अपला, म्हणजे टेकऑफआधीच्या इंजिन तपासणीत, कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी सोय) असेल तर ती बंद आहे ना, हे हाताने तपासा. डेन्सिटी अल्टिट्यूड 3000 फुटांपेक्षा जास्त असेल तर पूर्ण थ्रॉटलला मिक्स्चर लीन करून, म्हणजे हवेतलं इंधनाचं प्रमाण कमी करून, सर्वाधिक आरपीएम मिळवा. रिच, म्हणजे जास्त इंधनाचं, ठेवलं तर आहे ती ताकदही जाते.

शेवटी धावपट्टीच्या मध्याची खूण डोक्यात ठेवा. तिथे लिफ्ट-ऑफ वेगाच्या 70 टक्के, म्हणजे 55 नॉटला उचलणाऱ्या विमानात 39 नॉट दिसले नाहीत, तर थ्रॉटल मागे, टेकऑफ रद्द.