पाळकांच्या शिकवणीवर आक्षेप असल्यास : प्रेस्बिटेरियन रीत

पाळकांच्या उपदेशात मंडळीच्या विश्वासाशी न जुळणारे काही ऐकू आले, तर प्रथम त्यांचे नेमके शब्द, तारीख आणि प्रसंग लिहून ठेवावेत. 'पाळकसाहेब चुकीचे शिकवतात' एवढ्यावर प्रेस्बिटेरियन, म्हणजे पाळक व निवडलेल्या वडीलजनांच्या सभांनी चालणाऱ्या, चर्चव्यवस्थेत चौकशी उभी राहत नाही. ते विधान विश्वासांगीकाराच्या, म्हणजे चर्चने मान्य केलेल्या लिखित विश्वासनिवेदनाच्या, कोणत्या भागाविरुद्ध जाते, हे दाखवावे लागते. बहुतेक ठिकाणी हा मापदंड १६४६ मध्ये तयार झालेला वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकार असतो, परंतु तोही पवित्र शास्त्राच्या अधीन असल्याने पाळकांना शास्त्राच्या आधारे उत्तर देता येते.

त्यानंतर पाळकांना खाजगीत भेटून अर्थ विचारावा, कारण पुष्कळ आक्षेप येथेच मिटतात. समाधान न झाल्यास लेखी तक्रार प्रेस्बिटरीकडे, म्हणजे परिसरातील मंडळ्यांच्या पाळक व वडीलजनांच्या सभेकडे, द्यावी, सेशनकडे निकाल मागू नये. पाळक हे प्रेस्बिटरीला उत्तरदायी असतात आणि स्थानिक मंडळीच्या वडीलजनांच्या (एल्डर) ज्या सेशनचे ते स्वतः अध्यक्ष असतात, ते त्यांचा न्याय करू शकत नाही.

प्रेस्बिटरी आधी समिती नेमून पाळकांशी बोलते. मतभेद विश्वासाच्या गाभ्याचा आहे की दुय्यम, हे तिला ठरवायचे असते. अमेरिकेतील सिनडने (प्रेस्बिटरीहून वरच्या सभेने) १७२९ मध्येच ही मुभा मान्य केली होती, की पाळकाने आपली शंका उघडपणे मांडावी आणि ती सेवेच्या आड येते का, हे प्रेस्बिटरीने ठरवावे. मतभेद गंभीर ठरला तरच लेखी आरोपपत्र, साक्षी आणि बचाव होतो. शिक्षा ताकिदीपासून निलंबन आणि पदच्युतीपर्यंत असू शकते, व सिनड किंवा जनरल असेंब्ली या सर्वोच्च सभेकडे अपील करता येते.

आरोपपत्राचे महत्त्व विल्यम रॉबर्टसन स्मिथ यांच्या प्रकरणातून कळते. नागपुरात १८४५ मध्ये आलेले स्टीफन हिस्लॉप ज्या फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी होते, त्याच चर्चच्या ॲबर्डीन येथील महाविद्यालयात स्मिथ प्राध्यापक होते. बायबलवरील त्यांच्या १८७५ च्या ज्ञानकोश-लेखामुळे त्यांच्यावर कलमवार आरोप ठेवण्यात आले, म्हणून त्यांना एकेका मुद्द्याचे उत्तर देता आले आणि १८८० मध्ये केवळ ताकीद मिळून ते पदावर राहिले. पुढच्याच वर्षी मात्र, त्यांचा आणखी एक लेख वादात सापडल्यावर, असेंब्लीने नवे आरोपपत्र न ठेवता, विश्वास उरला नाही एवढ्या कारणावरून त्यांना प्राध्यापकपदावरून दूर केले. त्यांचे पाळकपद कायम राहिले, तरीही हा निर्णय मला अन्याय्य वाटतो. ज्याला आरोपच सांगितला नाही, त्याने उत्तर कशाचे द्यावे?

नागपूरच्या वाचकांनी एक फरक ध्यानात घ्यावा. २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच शहरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि प्रेस्बिटेरियन परंपरा असलेली युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया तिच्यात सामील झाली. त्यामुळे तिच्या मंडळ्यांत प्रेस्बिटरीऐवजी डायसिस (बिशपच्या देखरेखीखालील प्रांत) आणि बिशप आहेत, तक्रार तिकडेच न्यावी लागते, आणि शिकवण तपासताना प्रेषितांचा व नायसियाचा मतांगीकार समोर ठेवावा लागतो. शब्द टिपून ठेवणे आणि आधी खाजगीत भेटणे या दोन पायऱ्या तेथेही वगळू नयेत.