नळाचं पाणी थेट माशांच्या टाकीत नको

नागपूरच्या नळाला येणारं पेंच-कन्हानचं पाणी क्लोरीन घालूनच येतं. आपल्याला ते चालतं, माशांच्या कल्ल्यांना मात्र क्लोरीन जाळतं. म्हणून पाणी बदलताना आधी बादलीत वॉटर कंडिशनर टाकून ढवळा, मगच ते टाकीत ओता. यातल्या सोडियम थायोसल्फेटमुळे क्लोरीन काही मिनिटांतच निष्प्रभ होतं.

डोस बाटलीवर लिहिलेला असतो, पण गल्लत होते ती लिटरमध्ये. बादलीत टाकत असाल तर बादलीपुरता. पाइपने थेट टाकीत पाणी भरत असाल तर अख्ख्या टाकीचा हिशोब धरा. ६०×३०×३० सेंमीची टाकी म्हणजे ५४ लिटर. अंदाजे झाकणभर ओतणं मला तरी पटत नाही.

बादली रात्रभर उघडी ठेवूनही साधं क्लोरीन बरंचसं उडतं; क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) उडत नाही. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतं, तिथे प्रश्न जडपणाचा, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा.

उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी अक्षरशः पोळतं. ते घरात निवू द्या, एअर पंप चालू ठेवा आणि एका वेळी माशांच्या टाकीतलं पाव पाणीच बदला. फिल्टरचा स्पंजही नळाखाली धरू नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा.