सिगारेट सोडायचीय, पण मन घेत नाही? मनाची तयारी अशी करा

‘मनाची तयारी झाली की सोडेन’ असं सिगारेट ओढणारा माणूस वर्षानुवर्षं म्हणत राहतो, आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणतो. पण ही तयारी आपोआप होत नाही, करावी लागते. खाली दिलेल्या बहुतेक गोष्टी तुम्ही अजून ओढत असतानाच सुरू करायच्या आहेत.

आधी दोन आकडे काढा. सिगारेट सोडणं तुम्हाला शून्य ते दहामध्ये किती महत्त्वाचं वाटतं? आणि आज सोडली तर जमेल याची खात्री किती? पहिला आकडा पाच आला, तर ‘दहा का नाही’ असं स्वतःला विचारू नका, ‘दोन का नाही’ असं विचारा. ‘दहा का नाही’ म्हटलं की मन सबबी सांगतं, ‘दोन का नाही’ म्हटलं की कारणं सांगतं. ती लगेच लिहून ठेवा. बऱ्याच जणांचं महत्त्व आठ-नऊ येतं आणि खात्री तीन. अशांना कॅन्सरची आणखी भीती घालून उपयोग नसतो. त्यांना पद्धत हवी असते, ती पुढे येईलच.

कारण जवळचं हवं. ‘तब्येत सुधारेल’ हे कारण सकाळी अकरा वाजता टपरीवर टिकत नाही. ‘दादरच्या पुलाचे जिने चढताना मधेच थांबावं लागतं’ हे टिकतं. ‘मुलगी जवळ आली की नाक मुरडते’ हेही टिकतं. अशी तीनच कारणं निवडा, महिन्याभरात ज्यांचा फरक स्वतःला जाणवेल अशी. कागदाच्या चिठ्ठीवर हाताने लिहा आणि रबर लावून पाकिटालाच बांधा. प्रत्येक सिगारेटीआधी ते रबर काढावं लागेल. हेतू तोच आहे.

पैशाचं कारण काढायचं तर अंदाज नको. यूपीआय ॲपमध्ये टपरीवाल्याचं नाव शोधून गेल्या ३० दिवसांची बेरीज करा, चहाचे वजा करा. सिगारेट २० रुपयांची आणि दिवसाला ८ धरल्या, तर महिन्याचे ४,८०० आणि वर्षाचे ५८,४०० रुपये होतात. नुसता आकडा दोन दिवसांत विसरला जातो. म्हणून त्यासमोर एक खरी गोष्ट लिहा: क्लासची फी, लोकलचा फर्स्ट क्लासचा पास, गावच्या घराचे पत्रे. सोडल्या दिवसापासून तेवढे पैसे रोज वेगळ्या खात्यात टाका.

‘मी दिवसाला दोन-तीनच ओढतो’ म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. दिवसाला एक सिगारेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, तो वीस ओढणाऱ्याच्या जादा धोक्याच्या जवळपास निम्मा असतो, विसावा हिस्सा नाही. शिवाय संख्या कमी केली की माणूस नकळत खोल झुरके घेतो. म्हणून कमी करणं हा टप्पा असू शकतो, मुक्काम नव्हे.

मनाचा सगळ्यात मोठा अडथळा मात्र वेगळाच असतो: सिगारेट गेली तर टेन्शन कसं सहन होणार? ही भीती खरी आहे, तिला हसण्यावारी नेऊ नका. पण आत काय घडतं ते समजून घ्या. झुरका घेतल्यापासून काही सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं आणि साधारण दोन तासांत रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. ते उतरलं की बेचैनी, चिडचिड सुरू होते आणि पुढची सिगारेट ती शमवते. म्हणजे ज्या टेन्शनवर ती ‘उपाय’ वाटते, त्यातलं बरंचसं आधीच्या सिगारेटीनेच आणलेलं असतं. सोडल्यानंतरचे काही आठवडे गेले की बहुतेकांचं मन ओढत असतानापेक्षा शांत होतं.

आता एक आठवडा फक्त नोंद करा, कमी करायची घाई नको. त्याच चिठ्ठीच्या मागे वेळ, जागा, सोबत कोण आणि तलफ किती (एक ते पाच) एवढंच लिहायचं. आठवड्याअखेर दिसेल की पाचच्या तलफेच्या सिगारेटी मोजक्याच आहेत. बाकीच्या कटिंगबरोबर, जेवणानंतर, ऑफिसखाली कोणी ‘चल रे खाली’ म्हटलं म्हणून ओढलेल्या असतात. हे स्वतःच्या अक्षरात बघितलं की खात्रीचा आकडा वर सरकायला लागतो.

मग २४ तासांचा सराव. कायमचं सोडायचं नाही, फक्त एक दिवस. संकष्टी किंवा एकादशी निवडावीशी वाटेल, पण कडक उपवास आणि हा सराव एकाच दिवशी नको. भुकेची बेचैनी आणि तलफ यांत फरक कळत नाही आणि दुपारी चारला दोन्ही मोडतात. पोटभर खा. तलफ आली की घड्याळ बघा: बहुतेक वेळा ती तीन ते पाच मिनिटांत ओसरते. तेवढ्यात पाणी प्या, एक जिना चढून या, तोंडात लवंग किंवा बडीशेप ठेवा. सुपारी नको, नुसत्या सुपारीनेही तोंडाचा कॅन्सर होतो. तंबाखू-चुना किंवा मिश्रीवर जाणं म्हणजे तेच निकोटिन दुसऱ्या वाटेनं घेणं. दिवस पार पडला तर उत्तम. सहा तासच जमले, तरी कुठे अडलं ते कळलं.

सरावानंतर दोन आठवड्यांच्या आतली तारीख ठरवा. त्यापेक्षा लांबची तारीख पुढे सरकत जाते. श्रावण पाळणाऱ्यांना मोठा आधार तयार असतो: महिनाभर एखादी गोष्ट सोडून राहता येतं हे शरीराला माहीत आहे, घरचेही साथ देतात. मात्र ‘गणपतीपर्यंत’ असं मनाशी म्हटलंत, तर मन दिवस मोजत बसतं आणि मंडळात सजावटीच्या जागरणात पहिला झुरका जातो. श्रावणात सुरुवात करा, पण शेवटची तारीख ठेवू नका.

तारखेच्या आदल्या रात्री पाकीट, लायटर, ॲशट्रे घराबाहेर काढा. महाराष्ट्रात सुटी सिगारेट विकायला २०२० पासून बंदी आहे, तरी ती हाताशी मिळते, आणि ‘एकच’चा मोह तिथूनच येतो. टपरीवर खातं असेल तर पैसे चुकते करून बंद करा आणि सांगा, ‘दादा, मी मागितली तरी देऊ नका.’ स्टेशनवरून येताना शक्य असेल तर रस्ता बदला. ऑफिसातल्या मित्राला ‘येतो खाली, पण नुसत्या चहाला’ हे वाक्य आधीच सांगून ठेवा, ऐनवेळी सुचत नाही.

आणि तो चहा निम्मा करा. सिगारेटच्या धुरामुळे शरीर कॅफिन भराभर संपवतं. सिगारेट थांबली की तेवढ्याच चहा-कॉफीने रक्तातलं कॅफिन बरंच वाढतं, मग झोप लागत नाही, हात थरथरतात. लोक ते ‘सिगारेट सोडल्याने होतंय’ समजतात आणि परत ओढतात. दिवसाला सहा कटिंग असतील तर तीन.

उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल, तर नुसत्या निर्धारावर राहू नका. निकोटिन गम २ आणि ४ मिलिग्रॅममध्ये मिळतो. अशा माणसाला ४ लागतो आणि त्याला डॉक्टरांची चिठ्ठी हवी. इतरांना २ पुरतो. तो च्युइंगमसारखा सतत चघळायचा नाही. हळू चावा, जीभ चुरचुरली की थांबा, गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवा, चुरचुर गेली की परत चावा. एक गम साधारण ३० मिनिटं चालतो. सतत चघळल्यास निकोटिन पोटात जातं, उचकी आणि जळजळ होते, आणि ‘गमने काही होत नाही’ असं वाटतं. गमच्या आधी १५ मिनिटं आणि तो तोंडात असताना पाण्याशिवाय काही पिऊ नका. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, दिवसात २४ पेक्षा जास्त नाही, नंतर हळूहळू अंतर वाढवायचं. गरोदरपणात, किंवा नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल, तर आधी डॉक्टर. पॅच आणि गोळ्यांचे पर्यायही तेच सांगतील.

पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. सिगारेट सोडण्याआधीच फोन करा, तारीख ठरवायलाही ते मदत करतात.

उत्साह कधी ढासळेल हे माहीत असलं की धक्का बसत नाही. पहिले तीन दिवस शरीराला सगळ्यात जड जातात. चिडचिड, बद्धकोष्ठता, झोपमोड साधारण दोन ते चार आठवड्यांत निवळते. काहींचा खोकला आधी वाढतो. वजनही थोडं वाढू शकतं. घरच्यांना हे सांगून ठेवा, नाहीतर ‘त्यापेक्षा ओढलेलीच बरी’ असं त्यांच्याच तोंडून निघतं आणि सगळं फुकट जातं. त्यानंतरचा धोका शरीराचा नसतो, दारूच्या बैठकीचा असतो. पहिला महिना त्या टाळा.

एक ओढली गेलीच, तर ‘आता सोमवारपासून’ म्हणू नका, पुढची न ओढण्यापासूनच सुरुवात करा. पाकीट घेतलं असेल तर उरलेल्या सिगारेटी पाण्यात भिजवून कचऱ्यात टाका. किती वाजता, कुठे, कोणाबरोबर ओढली ते लिहा आणि त्याखाली एकच ओळ: पुढच्या वेळी त्या जागी मी काय करणार.