जुन्या इमारतीत स्वयंपाकघर नव्याने करताय? या चुका टाळा

गिरगाव, लालबाग, परळ, दादर. इथल्या लाकडी तुळयांच्या इमारतींत स्वयंपाकघराचं काम निघालं की चर्चा सुरू होते ती ग्रॅनाइटचा रंग कुठला आणि ट्रॉल्या किती यावरून. नव्या टॉवरमध्ये ते चालून जातं. जुन्या घरात मात्र आधी लादीच्या खाली आणि भिंतीच्या आत काय आहे ते बघावं लागतं. पुढे जो त्रास होतो तो बहुतेक वेळा वजनाचा नाहीतर पाण्याचा असतो, आणि हे दोन्ही कॅटलॉगात दिसत नाहीत.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे जुन्यावर नवं चढवणं. मोरी गळते म्हणून गवंडी जुना कोबा (लादीखालचा पक्का थर) तसाच ठेवतो आणि वर विटेच्या तुकड्यांचा आणखी चार इंच कोबा घालतो. २० चौरस फुटांच्या मोरीत हे ओझं साडेतीनशे किलोच्या आसपास जातं. त्यात पोटमाळ्यावर ५०० लिटरची टाकी ठेवली की भरल्यावर तिच्या पाण्याचंच वजन अर्धा टन. आठ बाय दोन फुटांचा, १८ मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट सत्तरेक किलोचा, खालचे कडप्प्याचे उभे दगड वेगळे. हा सगळा भार ज्या लाकडी वाशांवर येतो, ते घातले तेव्हा ओट्यावर स्टोव्ह आणि कोपऱ्यात पाण्याचं पिंप एवढाच हिशेब होता. म्हणून जुना कोबा आधी काढा. ब्रेकर लावू नका, छिन्नी-हातोड्याने हळूहळू काढा. ब्रेकरच्या हादऱ्याने खालच्या घराच्या छताचा गिलावा सुटतो. नंतर पातळ सिमेंट-पॉलिमरचं वॉटरप्रूफिंग आणि वर लादी, एवढं पुरतं. टाकी लहान घ्या आणि पोटमाळ्याच्या मधोमध न ठेवता भार पेलणाऱ्या भिंतीलगत ठेवा.

कोबा निघाला की तुळईचं टोक तपासायची संधी मिळते, ती सोडू नका. तुळई मधे क्वचित कुजते. ती कुजते भिंतीत शिरते तिथे, आणि मोरीच्या बाजूला सगळ्यात आधी, कारण तिथे वर्षानुवर्षं ओल मुरलेली असते. साधा पेचकस घेऊन टोकाशी दाबून बघा. चांगलं सागवान त्याला दाद देत नाही. पेचकस पाव-अर्धा इंच सहज आत गेला, लाकडाचा काळपट भुगा निघाला किंवा वाळवीची मातीची रेघ दिसली, तर त्याच दिवशी काम थांबवा आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवा. वरून लादी बसवून ते झाकणं म्हणजे खालच्या बिऱ्हाडाच्या जिवाशी खेळ आहे. इमारत उपकरप्राप्त असेल, म्हणजे ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीची आणि सेस भरणारी, तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाला लेखी कळवा.

भिंतींचंही तेच. चाळीतली प्रत्येक भिंत विटेची भरीव भिंत नसते. दोन खोल्यांमधली भिंत बरेचदा लाकडी चौकटीत विटा भरून केलेली असते. बोटाने ठोकून बघा, आवाज जागोजागी बदलतो. अशा भिंतीवर प्लग ठोकून ताटं-डब्यांनी भरलेली कपाटं टांगली तर विटांमधल्या चुन्याच्या सांध्यांत प्लग हळूहळू सैल होतात. कपाट एकाएकी पडत नाही. आधी वरची कड भिंतीपासून केसभर सुटते, मग दार नीट लागेनासं होतं. हे दिसलं की बिजागरी आवळत बसू नका, कपाट रिकामं करा. वरची कपाटं ओट्यावर टेकलेल्या उभ्या फ्रेमवर घेणं हा माझ्या मते जुन्या घरातला एकच भरवशाचा मार्ग. भार पेलणाऱ्या भिंतीत पाइपासाठी लांबच लांब आडवी खाच मारू देऊ नका. पाइप उघडे राहिले तरी चालतील, गळती निदान दिसेल तरी.

ट्रॉल्यांची ऑर्डर देण्याआधी गवंड्याला गुण्या आणि ओळंबा लावायला सांगा. कोपरा काटकोनात नसणं इथे नेहमीचंच आहे, एका टोकाला दोन फूट असलेला ओटा दुसऱ्या टोकाला इंचभर कमी भरतो. माप लादी बसल्यावर आणि तीन ठिकाणी घ्या. प्लाय बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही न सुटणाऱ्या दर्जाचा, आयएस ७१० चा छाप बघून घ्या. सिंकखाली पार्टिकल बोर्ड एका पावसाळ्यात फुगतो. भिंतीला ओल असेल तर काम दिवाळीनंतर काढा. जुन्या चुन्याच्या गिलाव्यावर ओल असतानाच सिमेंट आणि टाइल्स चढवल्या की ओल वर सरकते आणि टाइल्सच्या वरच्या रेषेत पोपडे धरतात.

काम झाल्यावर येणाऱ्या तक्रारींपैकी दोन फार सापडतात. एक म्हणजे नव्या नळाला धार नाही. पोटमाळ्यावरची टाकी नळापेक्षा जेमतेम तीन-चार फूट उंच असते, तेवढ्या दाबावर लांब मानेचा, बारीक जाळीचा मिक्सर चालत नाही. जाळी काढून बघा, टाकीपासून पाऊण इंची पाइप आणा, कोपरे कमी करा, साधा नळ लावा. दुसरी वासाची. मोरीत पाणी ओतलं की वास थांबतो? मग न्हाणी ट्रॅपमधलं, म्हणजे मोरीच्या जाळीखाली साठून वास अडवणारं पाणी सुकतंय किंवा ट्रॅप उथळ आहे. ओतूनही वास येतो? मग नवा पीव्हीसी पाइप जुन्या बिडाच्या पाइपात नुसत्या सिमेंटने बसवलाय आणि तो जोड तडकलाय. खालच्या काकूंकडे डाग आला तर वाद घालण्याआधी मोरीचं तोंड बंद करून रंग घातलेलं पाणी २४ तास साठवा. खाली रंग उतरला तर गळती तुमचीच. ही चाचणी लादी बसवण्याआधी केली असती तर तोडफोड वाचते, म्हणून ती तेव्हाच करा.

विजेचं थोडक्यात: इंडक्शन, मायक्रोवेव्ह आणि गीझर जुन्या केसिंग-कॅपिंगच्या (भिंतीवरच्या पट्ट्यांतून नेलेल्या) वायरवर टाकू नका. बिलावरचा मंजूर भार बघा, मोठ्या उपकरणांना वेगळी ४ चौरस मिलिमीटरची वायर घ्या, अर्थिंग खरंच आहे का ते तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच लावा. गॅसच्या बाबतीत पाइपगॅसची लाइन सुताराकडून हलवून घेऊ नका, ते काम कंपनीचंच. मीटर बंद कपाटात कोंडू नका. पाइपगॅस हवेपेक्षा हलका, तो वर जातो, सिलिंडरचा गॅस जड, तो जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या कपाटाला जाळी खाली हवी. चिमणीचा पाइप सामाईक गॅलरीत सोडू नका, शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर तेल बसतं.

पागडीच्या घरात राहणाऱ्यांना ओटा बांधला म्हणून घरमालक बाहेर काढेल अशी भीती असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये, जिथे लागते तिथे पालिकेची परवानगी घेऊन केलेला उभा ओटा, धुराची चिमणी आणि हवेसाठी उघडलेली खिडकी पक्क्या बांधकामात धरलेली नाही. भिंत पाडणं किंवा मोरीची जागा बदलणं हा वेगळा विषय, त्यासाठी लेखी संमती घ्याच. आणि पाइप-वायर बुजवण्याआधी भिंतीला मापपट्टी लावून प्रत्येक बाजूचा फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी खिळा कुठे ठोकायचा नाही ते त्यावरून कळेल.