पिक्चर्स फोल्डर रिकामा दिसतोय? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

मे महिन्यात दुपारी दीड वाजता नागपुरात कोणी जिना चढून वर आलं, की समजावं प्रकरण गंभीर आहे. खालच्या मजल्यावरच्या काकू लॅपटॉप छातीशी धरून आल्या. "पोरीच्या लग्नाचे सगळे फोटो गेले ना रे!"

"काहून? काही पुसलं काय तुम्ही?"

"मी त काहीच नाही केलं बाप्पा. ते निस्तं म्हणे जागा भरली, जागा भरली. त मी ते बंद केलं."

कूलरसमोर बसून लॅपटॉप उघडला. पिक्चर्समध्ये कॅमेरा रोल आणि सेव्ह्ड पिक्चर्स हे दोन फोल्डर, दोन्ही रिकामे. फोटो मात्र गेलेले नव्हतेच, दोन क्लिकच्या अंतरावर जसेच्या तसे होते.

आपण ज्याला 'पिक्चर्स फोल्डर' म्हणतो, ती विंडोजमध्ये खरं तर पाटी असते. तिच्यामागे कुठलं फोल्डर उघडायचं, हे वेगळं ठरतं आणि बदलतंही. बर्डीवरचं दुकान धरमपेठेत हलवलं, पण बर्डीची पाटी काढलीच नाही, तर गिऱ्हाईक बंद शटरसमोर उभं राहणारच. फोटो 'गेले' म्हणून जे लॅपटॉप माझ्याकडे येतात, त्यातल्या बहुतेकांचं असंच झालेलं असतं.

पत्ता न पाहताच घाबरणं

विंडोजचं बटण आणि ई एकत्र दाबा, डावीकडे पिक्चर्सवर जा आणि वरच्या पट्टीतल्या रिकाम्या जागेवर क्लिक करा. खरा पत्ता दिसेल. सर्वसाधारण पत्ता असा: सी ड्राइव्ह, त्यात युजर्स, त्यात तुमचं नाव, त्यात पिक्चर्स. मधे वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवर फाइल्स साठवायची सोय) हा शब्द आला तर पाटी तिकडे वळलेली आहे. नावाच्या जागी ईमेलची पहिली पाच अक्षरं दिसली तर दचकू नका. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला असेल तर विंडोज फोल्डरला तसंच तुटकं नाव देतं.

घरात एकाच कॉम्प्युटरवर दोन खाती असतील, तर प्रत्येकाचं पिक्चर्स वेगळं असतं. मुलाच्या खात्यातून टाकलेले फोटो आईच्या खात्यात दिसणार नाहीत. ही साधी गोष्ट कळायला काही घरांत आठवडा जातो.

वनड्राइव्ह बंद केलं आणि फोटोही गेले

काकूंचं हेच झालं होतं. नवीन लॅपटॉप सुरू करताना आपण 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत जातो, त्यात वनड्राइव्हचा बॅकअप सुरू झालेला असतो. मग पिक्चर्सची पाटी वनड्राइव्हच्या पोटातल्या पिक्चर्सवर जाते. फुकटची जागा फक्त ५ जीबी. लग्नाच्या फोटोंसमोर ५ जीबी म्हणजे पंगतीत एक वाटी वरण. ती भरली की रोज सूचना येते, आणि वैतागून माणूस बॅकअपच बंद करतो. पाटी परत जुन्या जागेवर येते, फोटो मात्र बहुतेक वेळा वनड्राइव्हच्याच फोल्डरमध्ये राहतात. तिथे जाऊन पिक्चर्स उघडा आणि सगळं कॉपी करून आपल्या फोल्डरमध्ये आणा.

आणण्याआधी फोटोंजवळची खूण पाहा. बरोबरची हिरवी खूण असेल तर फोटो तुमच्या डिस्कवर आहे. निळा ढग असेल तर फक्त इंटरनेटवर आहे, नेट नसेल तर उघडणार नाही. ढगवाल्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा आणि सगळे उतरू द्या. काकूंच्या वायफायवर याला संध्याकाळ झाली, तोवर दोनदा चहा झाला.

याच ठिकाणी सर्वांत महागात पडणारी चूक होते. "वर ढगात जागा भरली ना, मग वरचे पुसते, लॅपटॉपमध्ये आहेतच की." नाहीत! वनड्राइव्हच्या फोल्डरमधला फोटो आणि ढगातला फोटो ही दोन प्रती नाहीत, एकाच फोटोची दोन टोकं आहेत. इकडे डिलीट केलं की तिकडचाही जातो आणि तिकडचा पुसला की इकडचाही. फक्त डिस्कवरची जागा मोकळी करायची असेल तर 'फ्री अप स्पेस' आहे, डिलीट नाही. चुकून पुसलेच, तर वनड्राइव्हच्या वेबसाइटवरच्या रिसायकल बिनमध्ये वैयक्तिक खात्याचे फोटो ३० दिवस राहतात. तोवर परत आणता येतात.

अख्खा डी ड्राइव्हच पिक्चर्स करून टाकणं

ही चूक माझी स्वतःची. सी ड्राइव्ह भरत आला म्हणून पिक्चर्स डीवर न्यायचं ठरवलं. पिक्चर्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन टॅब, मूव्ह. इथवर बरोबर. पण डीमध्ये वेगळं फोल्डर न बनवता मी थेट डी ड्राइव्हच निवडला. झालं! आता पिक्चर्स उघडलं की आयकर विवरणपत्रं, जुने सेटअप, गाण्यांचे फोल्डर, सगळं समोर. फोटोज ॲपमध्ये पुतण्याच्या बारशाच्या शेजारी लाईट बिलाचे स्कॅन.

घाईत लोकेशनमध्येच 'रिस्टोअर डिफॉल्ट' दाबलं आणि अप्लाय केलं. विंडोजने विचारलं, जुन्या जागेतल्या सगळ्या फाइल्स नव्या जागी न्यायच्या का? मी 'येस' म्हटलं. त्याच्या लेखी जुनी जागा म्हणजे अख्खा डी ड्राइव्ह. चारशे जीबी सामान साठ जीबी मोकळ्या सीमध्ये कोंबायला ते निघालं. मधेच थांबवलं, पण अर्धं इकडे, अर्धं तिकडे झालंच. निवडायला पुढचा रविवार गेला.

तेव्हा डीमध्ये आधी 'फोटो' नावाचं फोल्डर बनवा, मग लोकेशनमध्ये तेच निवडा. इथे तो प्रश्न आला तर 'येस' बरोबर आहे. अख्खा ड्राइव्ह निवडून बसला असाल आणि परत फिरायचं असेल, तर 'नो' म्हणा. फक्त पाटी परत जाईल, मग फोटो हाताने हलवा. कधी कधी अशा वेळी प्रॉपर्टीजमध्ये लोकेशन टॅबच दिसत नाही, कारण तिथे ड्राइव्हची माहिती उघडते. मग रेजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) युजर शेल फोल्डर्सखालच्या 'माय पिक्चर्स'चा पत्ता दुरुस्त करावा लागतो. याची सवय नसेल तर जाणत्याला बसवा.

वनड्राइव्हचा बॅकअप सुरू असताना हे हलवाहलवीचं काम करू नका, दोघांची ओढाताण होते. आधी बॅकअप बंद, मग स्थलांतर.

सेटिंग्जमध्ये स्टोरेजखाली 'नवीन फोटो कुठे साठवायचे' असा पर्याय आहे. तो बदलून लोक जुने फोटो हलण्याची वाट पाहतात. त्याने फक्त पुढचे फोटो नव्या जागी जातात, जुने जिथे होते तिथेच.

मोबाईलवरून 'कट' करणं

केबल लावली आणि फोन फक्त चार्ज होतोय? फोनवर वरून पडदा ओढून 'फाइल ट्रान्सफर' निवडा. फोटो डीसीआयएम फोल्डरमध्ये, बहुधा त्यातल्या कॅमेरामध्ये असतात. ते कट करून पेस्ट करू नका. अवकाळीचे चार शिंतोडे पडले आणि लाईन गेली, किंवा केबल नुसती हलली, तरी काम अर्धवट राहतं. कॉपी करा, दोन्हीकडचा आकडा जुळवा, दहा-वीस फोटो उघडून पाहा आणि मगच फोनमधले काढा. कॉम्प्युटरवरून फोनमधला फोटो डिलीट केला तर तो कॉम्प्युटरच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही. पेन ड्राइव्हचंही तसंच.

व्हॉट्सॲपवरून कॉम्प्युटरवर उतरवलेले फोटो पिक्चर्समध्ये शोधू नका, ते बहुधा डाऊनलोड्समध्ये असतात. त्यांच्यात फोटो काढल्याची तारीखही राहत नाही, म्हणून मारबतीच्या मिरवणुकीचे फोटो तारखेने लावायला गेलात तर पार गोंधळ होतो. कॅमेऱ्यातले मूळ फोटो 'डेट टेकन'ने लावा. व्हॉट्सॲपवाल्यांना सरळ '२०२५-०८ मारबत' असं फोल्डर करून द्या. वर्ष आधी लिहिलं की ओळीत आपोआप लागतात.

फोटोज ॲप म्हणजे दुसरी प्रत नव्हे

फोटोज ॲप फोटो स्वतःकडे ठेवत नाही, फोल्डरमधलेच दाखवतं. ॲपमधला 'डबल' वाटलेला फोटो पुसला की मूळ फाइल रिसायकल बिनमध्ये जाते. ॲपमधून एखादं फोल्डर काढलं तर मात्र फोटो जागेवरच राहतात. आयफोनचे एचईआयसी प्रकारचे फोटो उघडत नसतील तर ते बिघडलेले नाहीत, विंडोजला त्याचं एक्स्टेन्शन (छोटा जोड-प्रोग्रॅम) टाकावं लागतं.

फॉरमॅट मारून आणणं

दुकानात लॅपटॉप टाकला, पोराने विंडोज नव्याने मारून दिली, घरी आल्यावर पिक्चर्स कोरं. डिस्क फॉरमॅट न करता विंडोज टाकली असेल तर अजून आशा आहे. सी ड्राइव्हमध्ये विंडोज डॉट ओल्ड नावाचं फोल्डर आहे का पाहा. त्यात युजर्स, त्यात तुमचं जुनं नाव, त्यात पिक्चर्स. परवानगी मागितली तर 'कंटिन्यू' म्हणा. पण हे लगेच करा, कारण विंडोज अपग्रेड केल्यावर हे फोल्डर दहा दिवसांनी आपोआप पुसलं जातं. तोवर डिस्क क्लीनअप चालवू नका, आणि सापडलेले फोटो आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. आणि पुढच्या वेळी दुकानात लॅपटॉप देताना पोराला आधीच सांगा, "भाऊ, युजर्स फोल्डर पूर्ण कॉपी करून ठेव, वनड्राइव्हचं पण, मगच हात लाव."