घड्याळ बरोबर होते, वारा जास्त होता

हे लेखन मॉरिशसमधल्या त्या मुलामुलींसाठी आहे, ज्यांनी एखाद्या क्लबकडून धावायला सुरुवात केली आहे, शालेय स्पर्धांत पदके मिळवली आहेत आणि आता देशाची जर्सी घालून हिंद महासागर द्वीप क्रीडा स्पर्धेला, म्हणजे आपल्या 'झ्यू देझील'ला, किंवा राष्ट्रकुल स्पर्धेला जावे असे ज्यांच्या मनात आहे. सराव कसा करावा, स्पाइक्स कोणते घ्यावेत, हे मी इथे सांगणार नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे किंवा तुमचे कोच सांगतील. जे मला वेळेवर कोणी सांगितले नाही आणि मीही कोणाला विचारले नाही, ते मात्र सविस्तर सांगणार आहे.

मी कास्कावेलची. आमच्या घरापासून बांबू गावातले जर्मेन कोमारमों स्टेडियम जवळ आहे, आणि शाळेत असल्यापासून माझा सराव तिथेच झाला. २००४ मध्ये अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये आपले धावपटू स्टेफान बकलंड २०० मीटरच्या अंतिम शर्यतीत उतरले, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. रात्री उशिरा अख्खे घर टीव्हीसमोर बसले होते, आणि तिथल्या प्रेक्षकांच्या गोंधळामुळे शर्यत सुरू होता होत नव्हती. बकलंड सहावे आले. आमच्या घरात मात्र ते पहिले आल्यासारखाच आनंद झाला, आणि त्या रात्री मी २०० मीटरच धावायचे ठरवले.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट सांगते. द्वीप स्पर्धेत सात संघ असतात: मॉरिशस, सेशेल्स, मादागास्कर, कोमोरोस, मालदीव, रियुनियन आणि मायोत. १९७९ मध्ये रियुनियनला ही स्पर्धा सुरू झाली, आणि आपण ती १९८५, २००३ आणि २०१९ मध्ये आपल्या भूमीवर भरवली. तिचे महत्त्व मी कमी मानत नाही. आपल्यापैकी बहुतेकांना आयुष्यातली सर्वांत मोठी गर्दी तिथेच दिसते. परंतु सात बेटांमधले पदक आणि जमैका, इंग्लंड, नायजेरिया ज्या हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीच्या शर्यतीत, आहेत त्या हीटमधली जागा यांत फार मोठे अंतर आहे, आणि ते केवळ तुमच्या पायांनी भरून निघत नाही. ते कागदावरही भरून काढावे लागते. मी इथेच अडकले.

ऑगस्ट २०१७ ची गोष्ट आहे. गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी मिनिमा, म्हणजे पात्र ठरण्यासाठी गाठावी लागणारी वेळ, ठरलेली होती, आणि एका शनिवारी मी तिच्यापेक्षा ०.०६ सेकंदाने सरस वेळ दिली. फलकावर आकडा दिसला तेव्हा मी ट्रॅकवरच बसले. घरी फोन केला, आजीने देवापुढे साखर ठेवली, दोन दिवस लोक अभिनंदन करत राहिले. तिसऱ्या दिवशी निकालाचा अधिकृत कागद हातात आला, आणि माझ्या वेळेशेजारच्या रकान्यात '+२.६' असे लिहिलेले होते.

त्या आकड्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता असे नाही. पाठीमागून येणारा वारा सेकंदाला २.० मीटरपेक्षा जास्त असेल तर वेळ पात्रतेसाठी किंवा विक्रमासाठी धरत नाहीत, हे आपण सगळेच लहानपणापासून ऐकतो. मला ठाऊक नव्हते ते हे की, हा नियम आपल्या बेटावर इतरांपेक्षा जास्त वेळा आड येतो, आणि स्पर्धा निवडतानाच त्याचा विचार करावा लागतो. जून ते सप्टेंबर या आपल्या हिवाळ्यात आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे सर्वांत जोरकस असतात. वारा समोरून आला तर वेळ खराब होते आणि आपण तो दिवस विसरून जातो. वारा पाठीवर आला तर वेळ सुंदर येते आणि आपण तिच्यावर विश्वास ठेवतो. दुसरी फसवणूक अधिक वाईट आहे.

२०० मीटरमध्ये मोजणी कशी होते तेही नीट समजून घ्या. वारा मोजणारे यंत्र सरळ पट्ट्यालगत, शेवटच्या रेषेपासून ५० मीटर अलीकडे, जमिनीपासून १.२२ मीटर उंचीवर ठेवलेले असते. पहिला धावपटू वळण संपवून सरळ पट्ट्यात आला की तिथून दहा सेकंद वारा मोजतात. म्हणजे वळणावर तुम्हाला मिळालेला त्रास किंवा मदत कुठेही नोंदली जात नाही. वळणावर समोरून वारा खाऊन तुम्ही दमला असाल आणि सरळ पट्ट्यात तोच वारा पाठीवर येऊन आकडा २.१ झाला, तरी तुमची वेळ गेली. याबद्दल दाद मागता येत नाही. १०० मीटरला शर्यत सुरू झाल्यापासून दहा सेकंद मोजतात, लांब उडीला धावमार्गातली ठरलेली खूण ओलांडल्यापासून पाच सेकंद. ४०० मीटर आणि त्यापुढच्या शर्यतींना वाऱ्याचा रकानाच नसतो, आणि ज्यांच्या पायांत ४०० मीटरची ताकद आहे त्यांनी ही गोष्ट गंभीरपणे ध्यानात घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

खरी चूक मी त्यानंतर केली. पुढच्या महिन्यात रियुनियनला जाण्याची संधी होती, पण शनिवारच्या त्या वेळेनंतर 'आता काम झाले' असे समजून मी नाव मागे घेतले होते. कागद हाती आला तेव्हा प्रवेशिकांची मुदत संपली होती. मग घाईघाईने एका छोट्या क्लब स्पर्धेत धावले. वारा अगदी शांत होता आणि वेळही चांगली आली, पण ती हाताच्या घड्याळावरची होती. हातावरच्या वेळेची तुलना विद्युत यंत्राने मोजलेल्या वेळेशी करायची असेल तर २०० मीटरपर्यंत ०.२४ सेकंद वाढवावे लागतात. ते वाढवल्यावर माझी मिनिमा पुन्हा हुकली, आणि न वाढवताही ती कोणी स्वीकारली नसती, कारण पात्रतेसाठी फोटो-फिनिशची, म्हणजे शेवटच्या रेषेवरच्या कॅमेऱ्याने टिपलेली वेळच लागते. शिवाय ती स्पर्धा जागतिक ॲथलेटिक्स संघटनेच्या दिनदर्शिकेतही नव्हती. पात्रतेचा कालावधी संपला तेव्हा माझ्याजवळ दोन उत्तम वेळा होत्या आणि त्यांपैकी एकही कामाची नव्हती. एप्रिल २०१८ मध्ये गोल्ड कोस्टचा उद्घाटन सोहळा मी घरी पाहिला. त्याबद्दल लिहिताना आजही हात थांबतो.

म्हणून माझे सांगणे असे की, वर्षाच्या सुरुवातीला सरावाचे वेळापत्रक आखण्याआधी स्पर्धांचे वेळापत्रक आखा. प्रत्येक स्पर्धेसमोर चार गोष्टी लिहा: ती अधिकृत दिनदर्शिकेत आहे का, फोटो-फिनिश आहे का, वारा मोजणारे यंत्र आणि ते चालवणारा पंच आहे का, आणि पात्रतेच्या कालावधीत ती येते का. एका जरी प्रश्नाचे उत्तर 'नाही' आले, तरी ती स्पर्धा सराव म्हणून धावा. तिच्यावर आशा ठेवू नका. मिनिमा मिळाली असे वाटले तरी निकालाचा कागद पाहिल्याशिवाय पुढची कोणतीही प्रवेशिका मागे घेऊ नका. विमानाने रियुनियन पाऊण तासावर आहे, तरी तिकिटाचा खर्च सगळ्यांना परवडत नाही, हे मी जाणते. पण वर्षातून चार ठिकाणी जाण्यापेक्षा नीट निवडलेल्या एकाच ठिकाणी जाणे शहाणपणाचे आहे. आफ्रिकी अजिंक्यपद स्पर्धा तर कधी कधी आपल्याच दारात येते, २००६ मध्ये बांबूला आली, २०२२ मध्ये कोत दोरला आली. तिथल्या क्रमांकाला जागतिक क्रमवारीत वेगळे गुण मिळतात, हे अनेक नवोदितांना माहीतही नसते.

आता आडवाटांविषयी. 'लहान देश आहे, वाइल्ड कार्ड मिळून जाईल' असे तुम्हाला कोणीतरी नक्की सांगेल. ऑलिंपिकच्या ॲथलेटिक्समध्ये पुरुषांत किंवा महिलांत एकही खेळाडू पात्र न ठरलेल्या देशांसाठी अशी तरतूद आहे हे खरे; पण ती देशासाठी आहे, तुमच्यासाठी नाही. तुमच्या देशातला, तुमच्याच गटातला दुसरा कोणी स्वतःच्या बळावर पात्र ठरला, तर तुम्ही ज्या जागेवर डोळा ठेवून बसलात ती जागाच उरत नाही. वाइल्ड कार्डच्या भरवशावर सराव करणारे मी पाहिले आहेत, आणि त्यांपैकी कोणाचाही वेग वाढलेला पाहिला नाही.

कोचविषयीही मनापासून सांगते. ज्यांनी स्वतः पदके मिळवली आहेत तेच चांगले मार्गदर्शक असतात, असे मी फार काळ मानत होते. माझे डोळे उघडले ते एका निवृत्त पंचांनी. ते कधी वेगाने धावले नव्हते, पण नियमांचे पुस्तक त्यांना तोंडपाठ होते, आणि स्पर्धा संपल्यावर ते प्रत्येक निकालाची प्रत मागून घेत. असा एक माणूस तुमच्या क्लबजवळ असेल तर त्यांच्या शेजारी बसा, त्यांना चहा द्या आणि विचारत राहा.

संघात निवड झालीच, तर दोन गोष्टी थोडक्यात. वेळापत्रकात छापलेली वेळ शर्यतीची असते. कॉल रूममध्ये, म्हणजे शर्यतीआधी खेळाडूंची हजेरी घेतात त्या खोलीत, त्याच्या कितीतरी आधी हजर व्हावे लागते, तिथे उशीर झाला तर शर्यत गेली, आणि लहान संघात एकच कोच चार खेळाडूंना सांभाळत असल्याने तुम्हाला हाक मारायला कोणी येणार नाही. आणि तुमची हीट दुसऱ्याच दिवशी असेल तर उद्घाटनाच्या संचलनात तीन-चार तास उभे राहू नका. यावर घरचे रागावतील, कारण ध्वजामागे तुम्हाला चालताना त्यांना पाहायचे असते. तरीही माझे मत बदललेले नाही.

हे सगळे वाचून घाबरू नका. आपण सुमारे साडेबारा लाख लोकांचा देश आहोत, आणि तरीही ब्रूनो ज्युली यांनी २००८ मध्ये बीजिंगला मुष्टियुद्धात कांस्यपदक आणले. बकलंड यांनी २००६ मध्ये मेलबर्नला २०० मीटरचे रौप्यपदक आणले. भारतातले वाचक मीराबाई चानू यांची २०१८ आणि २०२२ ची राष्ट्रकुल सुवर्णपदके विसरलेले नसतील. त्या दोन्ही वेळी त्यांच्या शेजारी रौप्यपदक घेऊन उभ्या होत्या त्या आपल्या रोइल्या रानैवोसोआ. हीटमध्ये शेवटचे आलात तरी तुमची वेळ अधिकृत नोंदीत राहते, आणि पुढच्या निवडीच्या वेळी तिचा उपयोग होतो. लाज वाटून घेण्यासारखे त्यात काही नाही.

२०१८ च्या हिवाळ्यात मी अखेर रियुनियनला गेले. रेषा ओलांडली, आणि फलकाकडे न पाहता सरळ पंचांच्या टेबलाजवळ जाऊन उभी राहिले. वारा +०.४ होता. मग वेळ पाहिली. पुढच्या वर्षी द्वीप स्पर्धा आपल्या घरी झाली, तेव्हा मी मॉरिशसच्या जर्सीत धावले. पदक मिळाले नाही. रियुनियनच्या त्या निकालाची प्रत अजून माझ्या पाकिटात असते, आणि क्लबात नवी मुलगी आली की तिला मी आधी त्या कागदावरचा वाऱ्याचा रकाना दाखवते.