लाल चौकोन शिवताना

मला शिवण येतं म्हणून बोलावलं होतं. बोलावणाऱ्या होत्या अमेरिकेत साउथ डकोटामधल्या लकोटा या मूलनिवासी जमातीच्या बायका, लैंगिक अत्याचार सोसून उभ्या राहिलेल्या. पहिल्याच दिवशी आगाऊपणा करून मी आठ टोकांचा तारा कापायला घेतला. शेजारच्या आजी म्हणाल्या, "तो राहू दे." लकोटांकडे ताऱ्याची गोधडी मान म्हणून पांघरतात. बायसनच्या कातड्याची जागा तिने घेतली. ती कुणी, कुणासाठी शिवायची हे त्यांनी ठरवायचं. आपण प्रत्येकीच्या अनुभवाचा लाल चौकोन शिवायचा.

माप 'मॉन्युमेंट क्विल्ट'चं, म्हणजे लैंगिक अत्याचार सोसलेल्यांच्या शब्दांनी शिवलेल्या मोठ्या गोधडीचं घ्या : लाल कापड, 4 फूट बाय 4 फूट. चार जोडले की 8 बाय 8. 2019 मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर अशाच गोधड्या अंथरल्या होत्या.

कापड 50 इंच कापा, म्हणजे चारी बाजूंनी दुमडायला एकेक इंच मिळतो. आधी धुवून घ्या, नाहीतर लाल रंग सुटून पांढरी अक्षरं गुलाबी होतात. माझी झाली. अक्षरं फेल्टची, निदान 3 इंच उंच, कारण गोधडी जमिनीवर असते आणि लोक उभ्याने वाचतात. काजाच्या टाक्याने शिवा. गोंद नको, दवाने सुटतो.

मजकूर जिचा अनुभव तिचाच, तिच्या शुद्धलेखनासकट. नाव घालायचं का, फोटो चालेल का, हे सुरुवातीला विचारा आणि शेवटचा टाका पडल्यावर पुन्हा विचारा. मधल्या दिवसांत मन बदलतं. एकीने अक्षर एकही लावलं नाही. जुन्या शर्टाचा खिसा लावला, आत चिठ्ठी ठेवली आणि तोंड शिवून टाकलं. बटण तसंच ठेवलं. मी घाईने विचारलं, "वाचणार कसं कुणी?" ती दोरा तोडत म्हणाली, "वाचायला नाहीच ठेवलं."

आता गोधडी न्यायची कुठे? प्रदर्शन ठीक आहे, पण मी न्यायालयातल्या सुनावणीची तारीख बघेन. 7 डिसेंबर 2015 ला मिसिसिपीच्या चॉक्टॉ या मूलनिवासी जमातीच्या खटल्याची सुनावणी होती : एका मुलावरच्या अत्याचाराच्या तक्रारीत बाहेरच्या कंपनीवर जमातीच्या न्यायालयात दावा चालतो का? बायका गोधड्या घेऊन अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापाशी गेल्या. 2016 मध्ये न्यायमूर्ती 4-4 असे विभागले आणि खालच्या न्यायालयाचा, जमातीच्या बाजूचा निकाल टिकला.

चार कोपऱ्यांना चौघी, आणि पाचवीच्या हातात मागणीचा कागद. त्यावर नुसतं 'न्याय द्या' लिहू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या 1978 च्या निकालाने बिगर-मूलनिवासी आरोपीवर फौजदारी खटला चालवायचा जमातींचा अधिकार गेला. 2013 आणि 2022 च्या कायद्यांनी काही गुन्ह्यांपुरता परत दिला. उरलेले गुन्हे कोणते, ते लिहा.

परतताना अक्षरं आत ठेवून घडी घाला. खिशावर मात्र घडी येऊ देऊ नका, बटणाचा वळ उठतो.